शेवटच्या कडव्यातलं नाव

शनिवार, रविवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारी, अशी तीन दिवसांची सुट्टी जुळून आली आणि आदिलाबादच्या उत्सव समितीला उत्साहाचं भरतं आलं. कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला. रांगोळ्यांची स्पर्धा, पोरांची चित्रं, ढेमसा नाच, शाळांचे डान्स, मिरचीभज्यांच्या गाड्या, सगळं एका जागी. समितीत एक मराठी मास्तर होते, त्यांनी भांडून मराठीलाही जागा मिळवली. जागा म्हणजे काय, तर रविवारी पाच वाजता एक गाणं. पत्रिका सगळी तेलुगूत छापलेली. तिच्यात खालून तिसऱ्या ओळीत फकिराचं नाव होतं, ते त्याच्या मुलीनं, हर्षालीनं, बोट ठेवून वाचून दाखवलं.

"माह्यं एकट्याचंच हाय?" फकिरानं विचारलं.

"गानाऱ्याचं टाकतेत बाबा. गाणं कोनाचं हे तुमी सांगाचं. स्टेजवर."

हर्षाली सरकारी शाळेत शिक्षिका होती आणि घरातही वर्गात उभी असल्यासारखीच बोलायची. फकिरानं मान हलवली. पलीकडे खाटेवर त्याची बायको चंपाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू सगळं जायचं.

या गावात आणि तिकडे जैनथच्या बाजूला साठीपुढच्या माणसाला विचारा, शायर फकिरा कोण, तो लगेच सांगेल. चौदा एप्रिल असो की बुद्धपौर्णिमा, फकिराच्या गायनपार्टीशिवाय मांडव सुना वाटायचा. मंडल ऑफिसात हा माणूस अटेंडर, दिवसभर साहेबांच्या टेबलावर फायली ठेवणार. पण रात्री पेटीच्या सुरावर उभा राहिला की तहसीलदारही खुर्ची पुढे ओढून बसायचे. आवाज खणखणीत. गाण्यांचे शब्द तर असे, की कापूस वेचून आलेल्या बाया पदराला डोळे पुसायच्या.

पण खरं सांगायचं तर या शायराला उभ्या जन्मात एक ओळ जुळवता आली नाही. गाणी सगळी चंपाबाईची. ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची आणि वेचता वेचता मनातल्या मनात ओळी जुळवायची. लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढे बसून ती म्हणायची आणि फकिरा पाठ करायचा. पहिलंच गाणं पार्टीत म्हणून दाखवलं, तेव्हाचे म्होरके म्हणाले, "चांगलं हाय. पन शेवटच्या कडव्यात नाव पाह्यजे. नाव नाई तं गाणं बेवारशी. कोनी जोडलं?" तशी रीतच होती, ज्याची रचना त्याचं नाव शेवटी गुंफायचं. फकिरानं एका दमात सांगितलं, "म्या."

घरी येऊन त्यानं हे चंपाबाईला सांगितलं. ती भाकर थापत होती. हसली. "लावलं तं लावलं. घरातलंच हाय."

इथंच हे प्रकरण मिटलं असतं. पण दुसरं गाणं झालं, तिसरं झालं, सव्वीस गाणी झाली, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'फकिरा सांगे'. लोक त्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. आता मागे फिरायचं म्हणजे भर चौकात स्वतःचे कपडे उतरवायचे. तेवढी छाती फकिराकडे नव्हती.

चंपाबाईनं सगळ्या संसारात एकदाच तोंड उघडलं. हर्षाली दहावी पास झाली, त्या आनंदात तिनं लेकीवर गाणं केलं होतं.

"एवढ्या एका गाण्यात माह्यं नाव घ्या ना," ती म्हणाली. "लेक माही हाय."

"पुढच्या बारीले घेतो," फकिरा म्हणाला.

पुढची बारी आली. तिच्या पुढचीही आली. वीस वर्षं गेली. पार्टीतले निम्मे देवाघरी गेले म्हणावं तर फकिराचा देवावर विश्वास नाही, गेले, एवढंच. पेटीवाला मुलाकडे नागपूरला गेला. फकिरालाही दम लागू लागला, एका गाण्यानंतर पाणी प्यावं लागे. आणि मागच्या जूनमध्ये चंपाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. पानी, नाई, हर्षा, असे सुटे सुटे शब्द तेवढे उरले. डॉक्टरनं सांगून ठेवलं, दुसरा झटका कधी येईल ते सांगता येत नाही.

दवाखान्यातच फकिरानं तिच्या कानाशी वाकून शब्द दिला. "आता गाईन तं तुह्या नावानंच गाईन." तिनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तिला कळलं की नाही हे त्याला तेव्हा समजलं नाही. पण पत्रिका घरात आली आणि दुसऱ्या दिवसापासून चंपाबाई डाव्या हातानं केसांना तेल लावून घेण्याची खूण करू लागली. कपाट उघडलं की पांढऱ्या साडीकडे बोट. आठ दिवस हेच. हर्षाली म्हणाली, "बाबा, माय वाट पाहून राह्यली. ध्यानात ठेवा."

फकिराच्या ध्यानात दुसरं काही नव्हतंच. पहाटे उठून तो अंगणात लेकीवरच्या गाण्याचं तेवढं शेवटचं कडवं घोळवायचा:

चंपा सांगे बायांनो, टाका इळा खाली,
शिकलेली लेक आता दाराशी आली.

अडचण अशी की 'फकिरा'ला तीन ठोके लागतात आणि 'चंपा' दोनांतच संपते. मग तो 'पा' लांबवायचा. चंपाऽ सांगे. पहिले दोन दिवस ते तोंडात बसेना. मग बसलं. शनिवारी तर त्यानं ते चार वेळा न अडखळता म्हटलं, आणि खिडकीतून पाहणाऱ्या बायकोकडे बघून नव्या नवऱ्यासारखा लाजला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारच्या बसनं जैनथहून बंडू आला, पाठीला ढोलकी. बंडूनं चाळीस वर्षं फकिराला साथ केलेली. फकिराचा श्वास कुठे तुटतो हे त्याच्या बोटांना ठाऊक. आणि शेवटच्या कडव्याला नावाआधी बंडूचा एक तोडा ठरलेला होता, तीन दणकेबाज ठोके, की त्यावर 'फकिरा' असं येऊन बसायचं. लोक त्या तोड्यालाच टाळ्या द्यायचे.

बंडूला सांगायला हवं होतं. बाबा रे, आज तोडा वेगळा वाजव, आज नाव वेगळं आहे. पण बंडू विचारणार, काऊन? मग सगळंच सांगावं लागणार. चाळीस वर्षं ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलो त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, की यातलं माझं काहीच नव्हतं? मंचावर एकदाच काय ते होऊन जाऊ दे, मग बंडूलाही कळेल, असं फकिरानं मनाशी ठरवलं. चहा पिताना दोनदा त्यानं तोंड उघडलं.

"काय म्हनता दादा?"

"काई नाई. हात हलका ठेवजो."

मैदानात गर्दी होती. जानेवारीची थंडी साडेचारलाच अंगाला झोंबू लागली होती. हर्षालीनं मायला ऑटोतून उतरवून चाकाच्या खुर्चीत बसवलं, शालीत गुंडाळलं आणि पहिल्या रांगेशी नेलं. तिथे पाहुण्यांचे सोफे मांडलेले. बिल्ला लावलेल्या एका पोरीनं खुर्ची कडेला सरकवायला सांगितली, मग आणखी कडेला, करता करता चंपाबाई थेट लाउडस्पीकरच्या खांबाशी जाऊन पोचली. पण मंच दिसत होता. पांढरी साडी, तेल लावून चोपलेले केस, डावा हात गुडघ्यावर.

भाषणं लांबली. पाचचं गाणं पावणेसहाला लागलं. निवेदकानं तेलुगूत, मग हिंदीत पुकारलं, फकिरा पेटीशिवाय नुसत्या ढोलकीवर उभा राहिला, आणि पहिल्या ओळीलाच मैदान गप्प झालं. वय झालं होतं, दम सरला होता, तरी आवाज अजून त्याचाच होता.

बोंडं येचता येचता बोटं गेली फाटून,
त्याच बोटांनी पाटी दिली लेकीले घेऊन.

मागे मराठी बायांचा एक घोळका बसला होता, तो पुढे सरकला. तेलुगू पोरांनीही मोबाइल वर केले. सोफ्यावरचे साहेब शेजाऱ्याशी बोलायचे थांबले. फकिरानं चंपाबाईकडे पाहिलं. तिचा डावा हात गुडघ्यावर ताल धरत होता, बारीक पण बिनचूक. ते पाहून त्याला गहिवरून आलं. आता होणार, त्याला वाटलं, एवढं कडवं झालं की होणार.

बंडूलाही बऱ्याच दिवसांनी एवढी माणसं मिळाली होती. त्यानं मान झटकली आणि शेवटच्या कडव्याला तोडा मारला, पूर्वीसारखाच. तीन दणके. फकिराचं तोंड आपसूक उघडलं.

"फकिरा सांगे बायांनो..."

खांबावरच्या लाउडस्पीकरमधून स्वतःचं नाव त्याला ऐकू आलं. पण गाणं अर्ध्यात थांबवायचं नसतं, हे इतकं अंगात मुरलेलं की त्यानं ओळ पुरी केली, पुढची म्हटली, सम गाठली. चंपाबाईचा हात नावाच्या जागी थांबला होता. पुढच्या ओळीला तो पुन्हा गुडघ्यावर पडू लागला.

टाळ्या झाल्या. भरपूर झाल्या. माइक अजून हातात होता. 'थांबा, हे गाणं माझं नाही' एवढं म्हणायला काय लागतं? पण लोक उभे राहिले होते. कोणी शिट्टी मारली. बंडू हसत होता. आणि फकिराला, खोटं कशाला बोला, ते गोड लागलं. अगदी थोडा वेळ लागलं, पण लागलं. तेवढ्यात साहेब वर आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोसाठी त्याला वळवलं, आणि कुणीतरी हातातला माइक काढून घेतला.

तो निवेदकाच्या मागे धावला. "बाबू, एक मिनट. एक बात बोलना है."

"टाइम अयिपोयिंदी ताता," निवेदक घड्याळ दाखवत म्हणाला. "टाइम खतम. बच्चे खड़े हैं."

चमकीचे फ्रॉक घातलेल्या मुली दुसऱ्या बाजूनं मंचावर शिरल्या आणि गाणं सुरू झालं. फकिरा कनातीच्या मागे उभा राहिला. बंडू ढोलकीला गवसणी घालत म्हणाला, "दादा, आज तुमी मैदान मारलं." फकिराला त्या बोलण्याचा राग आला, आणि बंडूचा काय दोष हे आठवून तो आणखी खजील झाला.

खाली आला तर हर्षाली मायची खुर्ची गर्दीतून बाहेर काढत होती. फोनवर तिनं सगळं गाणं उतरवलं होतं. तिनं बापाकडे पाहिलंच नाही.

"काऊन असं केलं बाबा?" ती दुसरीकडे बघत म्हणाली. "दोन अक्षरं होती."

"बंडूचा तोडा पडला वं... तोंडातून निंघून गेलं."

"मंग टाळ्या चालू होत्या तवा? तवा माइक तुमच्याच हातात होता ना?"

बेसनाच्या धुरातून, फुगेवाल्यांच्या गलक्यातून ती तिघं फाटकाबाहेर आली. हर्षाली ऑटो पाहायला रस्त्यावर गेली. फकिरा खुर्चीपुढे उकिडवा बसला. त्याला वाटत होतं, हिनं रडावं. तोंड फिरवावं. डाव्या हातानं एक थोबाडीत द्यावी, तेही त्यानं आनंदानं घेतलं असतं. त्यानं आपल्या खांद्यावरची शाल काढून तिच्या अंगावर घातली.

"चुकलो चंपे," तो म्हणाला. "उद्याही हाय कार्यक्रम. मी जातो, समितीवाल्यायच्या पाया पडतो. उद्या घेतो तुह्यं नाव."

चंपाबाई त्याच्याकडे बघत होती. रागाचं, दुःखाचं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ओठ हलू लागले. शब्द यायला वेळ लागला, आधी नुसता आवाज आला, मग एकेक अक्षर जुळून आलं. लकवा मारल्यापासून एवढं मोठं वाक्य ती पहिल्यांदाच बोलत होती.

"पुढच्या... बारीले," ती म्हणाली, आणि लहान पोराची समजूत काढावी तसा तिनं डावा हात त्याच्या गुडघ्यावर थोपटला.

हर्षाली ऑटो घेऊन आली. दोघांनी मिळून चंपाबाईला आत बसवलं, खुर्ची घडी करून मागे टाकली. आत तिघांना जागा होती, पण फकिरा पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसला आणि घर येईपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.