मायक्रोफोन कुणाच्या खुर्चीपाशी

सासऱ्यांना टीव्हीवरचा आवाज ऐकू यायचा, शब्द मात्र कळायचे नाहीत. कंटाळून ते थोरल्या मुलाकडे राहायला निघाले होते आणि धाकट्या सुनेला ते नको होतं. त्या घरात तिच्याशी धड बोलणारं तेवढं एकच तर माणूस होतं.

नवऱ्याने प्रश्न फार मनावर घेतला. म्हणजे नवे स्पीकर, वायरी, लॅपटॉप आणि स्टँडवरचा मायक्रोफोन आला आणि दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"जुन्या स्पीकरमध्ये एकच अॅम्प्लिफायर सगळा आवाज आत ढकलायचा, वाटणी नंतर," तो समजावू लागला. "आता वाटणी आधीच. जाड आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक छोट्याला. प्रत्येकाला स्वतःचा अॅम्प्लिफायर. पुढे पळणाऱ्या आवाजाला प्रोसेसर किंचित थांबवतो, म्हणून सगळे एकदम कानात पोचतात!"

"वाटण्या झाल्यावर एवढी एकी? नवलच म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

दिवसभर घरात स्पीकरच्या चाचणीच्या शिट्ट्या घुमल्या. लॅपटॉपवरच्या आलेखाची डोंगररांग सपाट झाली, तसा तो आरामखुर्चीत रेलला आणि त्याने बातम्या लावल्या. "अहाहा! निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय."

"श्वास राहू दे, ती म्हणाली काय?" कोपऱ्यातून सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, आता दोष तुमच्या कानांचा."

"असेल. उद्या दादा येतोय न्यायला."

सून उठली. "अहो, हा मायक्रोफोन काय करतो?"

"जिथे ठेवू तिथे आवाज कसा पोचतो ते मोजतो. प्रोसेसर त्याप्रमाणे दुरुस्त करतो."

"आणि ठेवलाय कुठे?"

मायक्रोफोन अगदी इमानदारीने त्याच्याच आरामखुर्चीच्या कानाशी उभा होता. तिने स्टँड उचलला आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी नेला.

"अगं, तिथे दोन भिंती आहेत! जाड आवाज घुमतो, शब्द बुडतात!"

"तेच तर ते इतके दिवस सांगतायत. मोजा आता."

तोंड फुगवून त्याने पुन्हा शिट्ट्या सोडल्या, घुमणारा आवाज छाटला, वेळा जुळवल्या. बातम्या पुन्हा सुरू झाल्या. सासरे मान पुढे करून ऐकत राहिले.

"उद्या पाणी येणार नाही म्हणतेय. सूनबाई, बादल्या भरून ठेव. आणि दादाला कळव, येऊ नकोस म्हणावं."

तिने फोन उचलला तोच आरामखुर्चीतून तक्रार आली, "पण इथे आता काहीच नीट ऐकू येत नाहीये!"

"मग ये इकडे," सासरे म्हणाले, "बस माझ्या पायाशी. आणि गप्प बस, ती हवामान सांगतेय."