आलोचरावांची घंटी

जगात माणसांच्या दोनच जाती आहेत. एक घंटी वाजवणाऱ्यांची आणि दुसरी घंटी ऐकून उठणाऱ्यांची. बाकीचे सगळे भेद पोट भरल्यावर सुचलेले.

हे सनातन सत्य आलोचरावांना भर भाजीबाजारात, फ्लॉवरच्या ढिगावर बसल्या बसल्या उमगलं. तिथे ते चिंतनासाठी बसले नव्हते. सायकलसकट येऊन पडले होते. एक पाय सायकलच्या दांड्यात अडकला होता, दुसरा पालकाच्या जुड्यांत. तशा अवस्थेतही त्यांनी ते सत्य भाजीवाल्या बाईंना ऐकवलं.

"अगदी खरं बोललात काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही उठणाऱ्यांतले ना? मग उठा बघू आधी माझ्या फ्लॉवरवरून."

आलोचराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका कचेरीत त्यांनी शिपाई म्हणून उभा जन्म काढला. उभा म्हणायचं एवढंच, बराचसा स्टुलावर गेला. आत साहेबांच्या टेबलावरची घंटी वाजली की हे बाहेर "आलोच!" म्हणून ताडकन उठत. कचेरीने त्यांचं नावच 'आलोच' पाडलं, आणि निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्याला 'राव' जोडलं. सबंध नोकरीतली ती एकमेव बढती.

कचेरी सुटली, पण घंटीने कान सोडला नाही. रस्त्यात मागून कुणी सायकलची घंटी वाजवली की आलोचराव करकचून ब्रेक दाबत, एक पाय जमिनीला टेकत आणि "आलोच!" म्हणत. मागच्याची अपेक्षा नेमकी उलटी असे. त्या दिवशी मागून एक संगीतशिक्षिका येत होत्या. त्यांची घंटी सुरात होती, ब्रेक नव्हते. पुढचं फ्लॉवरला ठाऊक.

बरं, स्वतःच्या सायकलची घंटी तरी वाजवावी? छे! तिला ते रोज फडक्याने पुसत, पण अंगठा म्हणून लावत नसत. घंटी वाजली की माणसाचं काय होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. हातातला घास हातात राहतो, तोंडातली गोष्ट तोंडात. चांगला रंगात आलेला विनोद, आणि नेमका शेवटच्या वाक्याला ट्रिंग! असे किती विनोद त्यांनी अर्धे टाकले होते, त्यातले काही अजून त्या स्टुलाखाली पडले असतील. तेव्हा परक्या माणसाला आपण घंटी मारायची? ते काम त्यांच्याने होणार नव्हतं. पुढे कुणी आडवं आलं तर ते खोकत. साहेबांच्या दारात खोकायचे तसा अदबीचा, एका हप्त्यात संपणारा खोकला. रस्त्यातली माणसं मागे वळून त्यांना औषध सुचवत.

संध्याकाळी घरी त्यांच्या कोपराला पट्टी बांधता बांधता सूनबाईंनी निकाल दिला. सूनबाई मोटार शिकवायच्या शाळेत शिकवत. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्यांचा ओरडा खाऊन तयार झाले होते.

"बाबा, बास झालं. सायकल उद्या देऊन टाकायची."

"अगं, पण आक्काकडे कसा जाऊ?"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. पुलापलीकडे राहायची, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून खिडकीजवळच्या खाटेवरून तिचा मुक्काम हलला नव्हता. रोज सकाळी आलोचराव तिकडे जात, दोघं पत्ते खेळत, आक्का राजरोस लबाडी करी आणि ते मुकाट्याने हरत. पुलावर बस जात नसे. आलोचरावांचा गुडघा चालायला साफ नकार देई, पेडल मारायला मात्र कधी कुरकुरत नसे. रिक्षाने एखाद दिवशी जाता येतं, रोज नाही. सायकल गेली की आक्का गेली. तिला हरवायला दुसरं कोण येणार? म्हणजे, तिच्याकडून हरायला.

"फोन करा आक्कांना," सूनबाई म्हणाल्या.

"फोनवर ती पत्ते कसे चोरणार?"

आलोचरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा घरातलं तटस्थ राष्ट्र होता. तो पंख्याकडे बघू लागला.

"ठीक आहे," सूनबाई शेवटी म्हणाल्या, "उद्या परीक्षा. आक्कांच्या घरापर्यंत मी माझ्या सायकलवर मागे असेन. गरज पडेल तिथे घंटी वाजवायची. खोकायचं नाही, आर्जवं करायची नाहीत. पास झालात तर सायकल तुमची. नापास झालात तर मी आहे आणि भंगारवाला आहे."

सकाळी परीक्षेची सुरुवात झाली ती नापासानेच. कोपऱ्यावर दोघी मैत्रिणी रस्त्याच्या मधोमध गप्पा मारत चालल्या होत्या. आलोचरावांनी अंगठा घंटीपर्यंत नेला. तेवढ्यात एकीचं वाक्य कानावर आलं, "आणि मग सासूबाई म्हणतात कशा..." आता अशा ठिकाणी कुणी घंटी वाजवतं का? ते खाली उतरले आणि सासूबाई काय म्हणाल्या ते कळेपर्यंत सायकल ढकलत राहिले.

"बाबा!" मागून आवाज आला. "हे काय चाललंय?"

"अगं, शेवटच्या वाक्यावर होती ती."

"एक चूक पोटात घातली. दुसरी घालणार नाही."

पुलाच्या अलीकडे एक अरुंद रस्ता आहे. तिथे दुकानांचा माल उतरतो. एक व्हॅन पीं पीं करत मागे मागे येत होती. आणि तिच्या मागच्या दाराकडे पाठ करून, रस्त्यात उभे राहून, एक गृहस्थ फोनवर कुणाची तरी खरडपट्टी काढत होते. पाठ बघूनच आलोचरावांनी ब्रेक दाबले. ती पाठ त्यांच्या ओळखीची होती. ते साहेब होते. तेही आता निवृत्त, पण आवाज अजून नोकरीत होता. त्या आवाजापुढे व्हॅनचं पीं पीं कुठून टिकणार! आजवर काहीच टिकलं नव्हतं.

व्हॅन मागे येत होती. साहेब जागचे हलत नव्हते.

आलोचराव खोकले. उपयोग शून्य. "साहेब!" म्हणून ओरडावं म्हटलं, तर ते कसं जमणार? साहेबांना हाक मारण्याची पद्धतच नव्हती. हाक ही वरून खाली यायची गोष्ट. व्हॅन आता हातभर अंतरावर आली होती. आलोचरावांनी डोळे मिटले आणि अंगठा दाबला.

ट्रिंग!

साहेबांचा फोन कानावरून खाली आला. पाठ ताठ झाली.

"आलो सर!" ते ओरडले, आणि त्या वयाला न शोभणारी उडी मारून फुटपाथवर पोचले. त्यांची एक चप्पल मात्र रस्त्यातच राहिली. व्हॅन तिच्यावरून शांतपणे मागे गेली.

आलोचरावांनी डोळे उघडले. साहेब एका पायावर उभे राहून इकडेतिकडे सर शोधत होते.

"कुणी वाजवली?"

"मी, साहेब. माफ करा."

"तू? अरे आलोच! मला वाटलं मोठे साहेब."

"कोण मोठे साहेब?"

"माझ्या मागच्या भिंतीपलीकडे बसायचे ते. त्यांची घंटी तुला कशी ऐकू येणार? तुला माझी ऐकू यायची."

"म्हणजे तुम्हीही उठायचात?"

"उठायचो? पळायचो! दारात कोट नीट करत."

आलोचरावांना हे पचायला वेळ लागला. "आणि मोठे साहेब?"

"त्यांना फोन यायचा. कुणाचा ते माहीत नाही, पण ते उभे राहून बोलायचे."

जगातली एक अख्खी जात अशी डोळ्यांदेखत नाहीशी झाली. आलोचरावांना फार बरं वाटलं. मागून सूनबाई आल्या, त्यांनी चपटी झालेली चप्पल उचलली, झटकली आणि साहेबांच्या हातात दिली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "टेबलावरची घंटी म्हणते इकडे या. सायकलची म्हणते तिकडे व्हा. एवढाच फरक आहे हो. या इतक्या साध्या गोष्टीसाठी फ्लॉवरवर कशाला पडायचं?"

"मग मी पास?"

"पास. पण डोळे उघडे ठेवून वाजवायची. आणि वाजवल्यावर माफी मागायची नाही."

पास! आलोचराव तरंगतच सायकलवर बसले. पुलापलीकडे आक्का पत्ते पिसत असेल, हवा तो पत्ता उशीखाली सारत असेल. त्यांनी नुसत्या आनंदाने घंटी वाजवली. ट्रिंग. काय गोड आवाज होता! इतकी वर्षं नुसतीच पुसली. ट्रिंग ट्रिंग! पुढे कुणी नव्हतं, आडवंही कुणी येत नव्हतं, तरी ट्रिंग!

फुटपाथच्या कडेवर बसलेले साहेब दरवेळी अर्धे उठत होते.

"अरे आलोच," शेवटी ते काकुळतीला येऊन म्हणाले, "जरा पुढे जाऊन वाजव ना. मला चप्पल घालायचीय."