चौसष्टाव्या खुणेपुढचे रकाने

एक रकाना जास्तीचा आणेल तर शपथ! म्हणून तर ऑफिसात तिला सगळे चिंगूसबाई म्हणत, आणि तिला त्याचा भारी अभिमान. रुग्णालयासाठी तिने संगणकावर आभासी टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, बनवलं होतं. टेबल आपलं नावाला. वॉर्डातून कुणी विचारलं की दूरच्या यंत्रातून माहिती खेचून आणायची, तीही मागितलेल्या रकान्यांपुरतीच. कोणते रकाने हवेत ते चौसष्ट खुणांच्या ओळीवरून कळे. एका खुणेला एक रकाना, असा तिचा हिशेब. कालच शेवटी दोन नवे रकाने जोडले होते, त्यातला शेवटचा, पासष्टावा, औषधाच्या ॲलर्जीचा. आता सगळं स्क्रीनवर दिसणार म्हणून वॉर्डातल्या कागदी फायली कपाटात गेल्या.

सकाळी दहाला मोठ्या सिस्टरचा फोन आला. "ताई, झकास चाललंय हं तुमचं! आज आमच्याकडे एकालाही ॲलर्जी नाही."

एकालाही नाही? चाळीस खाटांत? तिने घाईघाईने त्या खुणांचं माहितीपत्रक उघडलं. शेवटची खूण एकट्या चौसष्टाव्या रकान्याची नव्हतीच मुळी. चौसष्टावा आणि त्यापुढचे सगळे, असा त्या खुणेचा अर्थ होता. चिंगूसबाईने पुढचे आणलेच नव्हते. नको तिथे काटकसर नडली, दुसरं काय!

"दहा मिनिटांचं काम आहे," तिच्या खांद्यावरून स्क्रीन वाचत तिचे साहेब हळूच म्हणाले. "आधी गुपचूप दुरुस्त कर. बोंबाबोंब कशाला?"

क्षणभर तिला ते पटलंसुद्धा. त्या एका क्षणाची तिला पुढे कायम लाज वाटली. मग तिने फोन ओढून वॉर्डात लावला आणि मूळ यंत्रातली यादी समोर घेतली.

"सिस्टर, रिकामं म्हणजे ॲलर्जी नाही असं नव्हे! माझ्या चुकीने ते आलंच नाही. इंजेक्शनं थांबवा. खाट सात, पेनिसिलीन चालत नाही."

"अगं बाई! सातला आत्ताच दिलं!"

पलीकडे फोन टेबलावर आदळला. पळती पावलं, डॉक्टरांना मारलेली हाक, ट्रॉलीची खडखड. ती कानाला फोन लावून तशीच बसली. किती वेळ गेला कोण जाणे.

शेवटी सिस्टरचा धापा टाकणारा आवाज आला. "अंगभर चट्टे उठलेत. श्वास घेतोय. डॉक्टर आहेत जवळ."

"माझं चुकलं हो," ती रडायलाच लागली.

"रडा नंतर. आठ नंबरचं काय ते सांगा."