नऊ दाबा

मित्रांनो, तुम्ही कुणाच्या तरी फाटकावरचं बटण दाबता, आतून "कोण?" असा आवाज येतो, तुम्ही नाव सांगता आणि फाटक खट्कन उघडतं. की तुम्ही सुटलात आत! भिंतीवरच्या त्या डब्याकडे वळून कुणी बघतं का? नाही ना? तोच मी. फाटकावरचा फोन. आता म्हातारा झालोय. बटणाचा रंग बोटं लागून लागून उडालाय, चेंडू बसून एका कोपऱ्याला पोचा आलाय. पण तक्रार करायला मी तोंड उघडलेलं नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि ते कशाचे हे कळायला तुम्हाला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागेल.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. आम्ही चाळीस भावंडं एका रांगेत. एक बाई आम्हाला तपासायची. प्रत्येकाच्या जाळीपाशी तोंड नेऊन ती विचारायची, "हॅलो, जेवलास का?" मी ऐकलेले हे पहिले शब्द. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी उत्तर द्यायला गेलो, तर आवाजच फुटेना. तेव्हाच मला कळून चुकलं की माझ्या जाळीतून आवाज निघतो तो नेहमी दुसऱ्याचा. माझं स्वतःचं म्हणून एकच, ते कुलूप उघडताना होणारं "खट्".

मला ज्या घरी नेलं ते गणिताच्या बाईंचं घर. बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत मुलांची शिकवणी भरायची. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खुर्चीपासून फाटकापर्यंत बत्तीस पावलं आणि तीन पायऱ्या. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने एकटीने पायरी उतरायची नाही. दुपारी घरात दुसरं कुणी नसायचं आणि फाटक उघडं ठेवलं की रस्त्यावरची गुरं आत येऊन कुंड्या फस्त करायची. म्हणून बाईंचे धाकटे भाऊ, जे त्यांच्याच घरी राहायचे आणि सकाळीच ऑफिसला जायचे, ते मला घेऊन आले.

मला बसवणारा वायरमन मोठा वल्ली होता. कानावर पेन्सिल, आणि काम करताना ड्रिल मशीनशी भांडण. "आता का अडलीस गं बाई?" असं तो तिला विचारायचा. त्याने फाटकाच्या खांबाला चार भोकं पाडली, कुंड्यांच्या मागून चर खणून पाइप पुरला, त्यातून माझी वायर घरातल्या टेलिफोनपर्यंत ओढली आणि फाटकाला विजेचं कुलूप लावलं. माझ्या पाठीमागे रबराची पट्टी अशी चोख बसवली की इतके पावसाळे गेले, माझ्या पोटात थेंब गेला नाही. स्वतः बुटका असल्यामुळे त्याने मला आपल्या छातीच्या उंचीवर लावलं. मोठी माणसं अजूनही माझ्यापुढे वाकून बोलतात आणि मुलांचा हात मात्र सहज पोहोचतो. त्या बुटकेपणाचेही आभार!

शेवटी त्याने मला शिकवलं. बटण दाबलं की घरातला टेलिफोन वाजवायचा. घरातल्याने रिसीव्हर उचलून नऊ दाबला की सात सेकंद कुलूप उघडायचं. दुसरा कुठलाही आकडा आला तर ढिम्म हलायचं नाही.

बाई त्या दिवशी शेजारणीबरोबर दवाखान्यात टाके काढायला गेल्या होत्या. म्हणून वायरमनने एका चिठ्ठीवर सूचना लिहिली आणि ती चिकटपट्टीने टेलिफोनवर डकवली. "गेट उघडायला 9 दाबा." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं बटण पहिल्यांदा कुणी दाबलं असेल तर ते गिरगोटीने. तिच्या वह्या म्हणजे नुसत्या गिरगोट्या, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलं होतं.

"कोण?" बाईंचा आवाज माझ्यातून बाहेर आला.

"मी, बाई."

"मी म्हणजे? जगात सगळेच मी असतात."

"गिरगोटी."

"हं, ये."

मी कान टवकारले. मित्रांनो, टेलिफोनच्या प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा असतो, आणि ते सगळे मला तोंडपाठ आहेत. मी नऊच्या सुराची वाट पाहत होतो. आला एकचा. मी ढिम्म. बाईंनी पुन्हा दाबला. पुन्हा एक. "बाई, उघडत नाहीये," गिरगोटी म्हणाली. पुन्हा एक! मला कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं, पण सांगणार कसं? शेवटी शेजारीण किल्ली घेऊन धावत आली.

असं रोज व्हायला लागलं. संध्याकाळी भाऊ येऊन करून बघायचे, तर मी लोण्यासारखा उघडायचो.

"ताई, चिठ्ठीत लिहिलंय तेच दाबतेस ना?"

"तेच दाबते रे."

"मग?"

त्या "मग?"च्या पुढे एकच प्रश्न विचारायचा होता. कोणता आकडा? पण जिने एकतीस वर्षं गणित शिकवलं तिला कोण विचारणार, बाई गं, तुला आकडे ओळखता येतात का?

दहा दिवसांनी वायरमनला बोलावलं. बाईंनी घरात रिसीव्हर धरला होता आणि तो बाहेर माझ्यापाशी उभा राहून मला तपासत होता. भाऊ हळू आवाजात त्याला म्हणाले की ऑपरेशन झाल्यापासून ताईचं जरा विसरायला होतंय, परवा चहात साखर दोनदा घातली. वायरमन माझं झाकण लावत म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे साहेब. माणूस दाखवून घ्या."

आणि मी ते वाक्य उचललं आणि जसंच्या तसं घरात नेऊन बाईंच्या कानात घातलं. कामात मी कधी हयगय केली नाही. त्या एका दिवशी करायला हवी होती.

"ऐकलं हं मी," एवढंच माझ्या जाळीतून बाहेर आलं. भाऊंचा चेहरा पडला. वायरमनने जीभ चावली. पण निघून गेलेला शब्द थोडाच परत खिशात घालता येतो!

त्या दिवसापासून बाईंचं "कोण?" बारीक झालं. त्यांनी मुलांच्या घरी निरोप पाठवले की महिनाअखेर शिकवणी बंद, दुसरीकडे सोय बघा. भाऊ मला उतरवून परत करायला निघाले होते, तर बाईच म्हणाल्या, "त्याचा काय दोष? आकड्यांशी संसार केला मी. आता तेच मला ओळख देत नाहीत." हे मी शेजारणीच्या तोंडून ऐकलं. ती फाटकापाशी उभी राहून डोळे पुसत होती.

मग आला शेवटचा रविवार. भाऊ घरी होते. मुलांसाठी त्यांनीच नऊ दाबला, पण गॅसवरचं दूध वर आलं म्हणून रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून ते धावले. माझी लाइन चालूच राहिली! आतलं सगळं मला ऐकू येत होतं. बाई चाचणीच्या वह्या परत देत होत्या.

"गिरगोटे, सत्तावीस भागिले तीन. उत्तर एक? हा एक कुठून पैदा केलास?"

"एक नाही बाई, नऊ आहे तो."

"हा एक आहे."

"नऊ आहे, बाई. इंग्रजी नऊ. शाळेत इंग्रजीत आकडे काढतो, तुमच्याकडे मराठीत. माझ्या हाताला कळतच नाही मी कुठे बसलेय ते."

पोरं खिदळली. बाईंच्या हातात मात्र वहीचं पान पुन्हा सळसळलं.

"अरे, त्या फोनवरची चिठ्ठी काढून आण जरा," त्या भावाला म्हणाल्या. चिकटपट्टी टर्रकन निघाली. "वाच."

"गेट उघडायला नऊ दाबा."

"आणि मी पंधरा दिवस वाचतेय, गेट उघडायला एक दाबा."

बघा ना मित्रांनो! इंग्रजी 9 आणि आपला १. मराठी अक्षरांच्या मधोमध बसलेला आकडा बाईंनी मराठीच वाचला. त्यात वायरमनने त्याची शेपटी अशी झोकात वळवली होती की कुणीही फसावं. आणि टेलिफोन इतका जुना की बटणांवरचे आकडे कधीच पुसलेले. जागा बाईंच्या बोटांना पाठ होत्या, त्यामुळे एकाही बटणाने त्यांना टोकलं नाही.

"ताई," भाऊ म्हणाले, "मी एकदा विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "गिरगोटे, बाहेर जा आणि बेल वाजव. आणि तू तो रिसीव्हर जागेवर ठेव आधी."

गिरगोटी अशी धावत आली की तिची एक चप्पल पायरीवरच राहिली. तिने फाटक ओढून घेतलं आणि माझं बटण दाबलं.

"कोण?"

"मी, बाई."

"मी म्हणजे?"

"गिरगोटी!"

"ये."

आणि मग नऊचा सूर आला. खट्! असा खट् मी जन्मात केला नव्हता. ती आत गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा बटण. तीनदा उघडायला लावलं तिने मला, आणि मी तीनदा उघडलो.

घरी जाताना तिने माझ्यासमोर उभं राहून मैत्रिणींना वही दाखवली. लाल फुली खोडून बाईंनी खाली लिहिलं होतं, "उत्तर बरोबर. वाचणारीचं चुकलं."

शिकवणी बंद झाली नाही, हे सांगायला नकोच. टेलिफोनवर बाईंनी स्वतःच्या अक्षरात नवी चिठ्ठी लावली, त्यात आकडा नाही, "नऊ" असा शब्द आहे. महिन्याभराने वायरमन आपणहून आला आणि माझ्या डोक्यावर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवून गेला. कामाचं बोलणं झालं तरी घुटमळत होता. शेवटी माझ्या जाळीत तोंड घालून म्हणाला, "बाई, मी आता नऊ अक्षरात लिहितो." आतून बाईंचं हसू आलं. तेही मी जसंच्या तसं पोहोचवलं. ही टोपी आज गंजलीय, पण मी कुणाला ती काढू देत नाही. म्हणजे, मला अडवता येत नाही म्हणा, पण अजून कुणी काढलेली नाही.

मित्रांनो, माझं बटण हळू दाबा, एकदाच दाबा, आणि जाळीत काड्या घालू नका. एवढं माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरी कुणी म्हणालं की हे यंत्र माझं ऐकत नाही, तर हसू नका, कुजबुजू नका. जवळ बसा आणि विचारा, तुम्ही काय दाबलंत? खरंच, एवढंच विचारायचं असतं.

गिरगोटी आता कॉलेजात जाते. तरी येताजाता माझं बटण दाबतेच, आणि "कोण?" आलं की मुद्दाम "मी" म्हणते. बाई मुद्दाम "मी म्हणजे?" विचारतात. मग नऊचा सूर येतो, आणि मी म्हणतो, खट्. आभार मानायला माझ्याकडे तेवढा एकच शब्द आहे.