शिसपेन्सिलीच्या चार रेघा

पिनूचे बाबा म्हणजे घाईचा कारखाना. चहाला उकळी फुटायच्या आत कप पुढे करणारा माणूस. घरातल्या संगणकानेही आपल्याच चालीने धावावं, हा त्यांचा हट्ट. त्या काळचे काही प्रोसेसर मोठे गमतीचे. अंगात दम असायचा, पण कारखान्यातून लगाम घालून यायचे. वरच्या अंगाला ठिपक्यांच्या चार जोड्या सुट्या ठेवलेल्या. शिसपेन्सिलीने ते ठिपके जोडले की लगाम सुटायचा, आणि सहाशे मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आठशेने पळवता यायचा. घरी येईल त्या पाहुण्याला बाबा आपला हा पराक्रम ऐकवायचे, आणि पाहुणा बिचारा मान डोलवत बिस्किटं संपवायचा. प्रोसेसरच्या वाकलेल्या पिना सरळ करायचं काम मात्र लेकीच्या इवल्या बोटांकडे, म्हणून ती पिनू.

आता पिनू स्वतःच संगणकदुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बाबा जाऊन वर्ष होत आलं, तसं तिच्या मनाने एकच धोशा लावला: त्यांच्या हातचं आपल्याकडे काय आहे? या माणसाने कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, सगळा कारभार तोंडी. होत्या त्या प्रोसेसरवरच्या चार रेघा. त्या एकदा डोळे भरून बघायच्या, एवढंच तिला हवं होतं.

सुट्टीच्या दुपारी तिने बाबांच्या संगणकाचा तो जुना डबा उघडला. आई पलीकडच्या खोलीत शिवत बसली होती. पिनूने पंखा उतरवला. खाली प्रोसेसरभर, उष्णता पंख्याकडे नेणारी जुनी पेस्ट वाळून बसलेली. आणि हात तो हातच, दुकानात दिवसभर करतो तेच करणार. कापूस स्पिरिटमध्ये बुडवला आणि सगळं लख्ख पुसून काढलं. मग तिने नीट पाहिलं. ठिपके सुटे होते.

तरी आशा वेडी असते. नवी पेस्ट लावून तिने संगणक चालू केला. पडद्यावर सहाशे. पिनूला रडू कोसळलं.

"आई, मी बाबांच्या रेघा पुसल्या."

आईने मशीन थांबवलं. "त्यांच्या कुठल्या? त्यांची बोटं म्हणजे केळी. दोनदा गिरगटून झालं, मग आले माझ्याकडे. रेघा मी मारल्यात. हे नुसते बॅटरी धरून उभे, श्वास रोखून, जसं काही ऑपरेशनच चाललंय."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"एवढ्या कौतुकाने सांगायचे. कशाला त्यांची हवा काढायची?"

पिनूला हसू आलं, आणि लगेच विरलं. म्हणजे बाबांच्या हातचं काही नव्हतंच. आधीही नव्हतं.

आईने पेन्सिलीला टोक काढलं. पिनूने संगणक बंद करून पुन्हा पंखा उतरवला, हलक्या हाताने ठिपके कोरडे केले आणि बॅटरी धरली. आई वाकली. सुईत दोरा ओवणारा हात, तसूभरही हलला नाही. पहिली रेघ झाली, दुसरी झाली. तिसरीला आई मान वर न करताच म्हणाली,

"अहो, उजेड जरा डावीकडे घ्या. आणि श्वास सोडा, चक्कर येईल."

पिनूने उजेड डावीकडे घेतला आणि श्वास हळूच सोडला.