भाऊसोनं उचललेला भंडारा

पेन्शनीवर आलेला हवालदार कृष्णात रोज दिवस कलताना उसाच्या बांधानं भाऊसोच्या खोपीकडं जाई. ती वेळच वाईट. दिवसा माणूस कामात असतो, रात्री झोपेत. पण दिवे लागायच्या आधीची घटका दारुड्याला हाताला धरून भट्टीवर नेते. कृष्णातला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्याची स्वतःची कित्येक वर्षं त्या घटकेनं खाल्ली होती. म्हणून ते दोघं तेवढा वेळ एकत्र बसत, कोरा चहा पीत, मेंढरांच्या नि पलटणीच्या गप्पा मारीत. दिवे लागले की कृष्णात उठे. औषध एवढंच.

भाऊसो वडूजकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि तो बायकोला घेऊन आष्ट्याकडं उसाला पाणी पाजायला आला. मेंढरांमागं चालायची सवय असलेले पाय रिकामे झाले आणि भट्टीकडं वळले. पण कृष्णात जाऊन बसायला लागल्यापासून आख्खा पावसाळा त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं.

इथंच कृष्णातचं चुकलं. गाडं नीट चाललेलं असताना त्याला वाटलं, आता पक्कं करून टाकावं. दसऱ्याला त्यानं भाऊसोला माळावरच्या बिरोबापुढं उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला. देवापुढची हळद मुठीत घेऊन धनगरानं शब्द दिला की तो जिवापेक्षा जड. कृष्णातनं स्वतः अशी आण कधी घेतली नव्हती. दारू सोडल्यावरही तो दोनदा घसरला होता. पण गावात बोलवा झाली होती, 'फौजी गडी, एका हुकमात बाटली फोडली!' ते ऐकायला गोड लागे, म्हणून खरं काय ते बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊसोलाही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला भाऊसो एक गिलास प्याला. एरवी दुसऱ्या दिवशी खाली मान घालून चहाला बसला असता. आता मात्र कृष्णात दिसला की तो उसात शिरू लागला, आणि रोज पिऊ लागला.

शेवटी त्याची बायको हरणाबाईच कृष्णातच्या दारात आली.

"दादा, आदी पीत हुतं तवा भ्यायचं तरी. आता म्हंत्यात, द्येव सुटला, आता कुनाला भ्यायचं? अन्न ठरत न्हाई. डोळं बगवत न्हाईत."

कृष्णात तसाच निघाला. भाऊसो खोपीच्या तोंडाशी बसला होता. या खेपेला तो पळाला नाही. पळायचं बळच नव्हतं.

"या हवालदार. च्या न्हाई आज."

"च्या ऱ्हाऊ दे. सांगलीचा डाक्टर काय म्हनला?"

"थांबलास तर वाचशील म्हनला. त्याला काय म्हाईत मी काय मोडलंय?" भाऊसोनं पापणी खाली ओढली. "बगा. बिरोबानं डोळ्यात भंडारा भरलाय."

"कावीळ हाय ती, गड्या. दारूची."

"भंडारा तुमीच उचलाय लावलासा. आन् आता कावीळ म्हंतायसा व्हय?"

कृष्णात त्याच्याजवळ मातीत बसला.

"भाऊसो, मी बी पडलोय रं. सोडल्यावर. दोनदा. मिरजंला गाडीतनं उतरलो आन् पेलो. हमालांनी उचलून भितीकडंला टाकलं मला. दुसऱ्या दिशी परत पयल्यापासनं धरलं. पडल्यालं मानूस उठतंय."

भाऊसोनं त्याच्याकडं मायेनं पाहिलं आणि तो हसला.

"लय चांगलं मानूस हायसा तुमी. माज्यापायी खोटं बी बोलाय लागलासा."

"खोटं न्हाई! बिरोबाची आन घिऊन—"

"नगा!" भाऊसोनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "तुमी तरी द्येवाला मधी घालू नगासा. माज्या एकट्याचं झालं तेवढं बास."

एवढं बोलून तो उठला आणि ओढ्याकडं चालू लागला. कृष्णातनं दंड धरला. हातात नुसतं हाड लागलं. जोर करायचीही भीती वाटली. भाऊसोनं हळूच हात सोडवून घेतला. कृष्णात मागोमाग गेला, समजावत, शिव्या देत, शेवटी हात जोडत.

बाभळींआड साळूबाईची भट्टी होती. भाऊसो वाकून आत शिरला. कुजलेल्या गुळाचा तो ओळखीचा वास आला आणि कृष्णातच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आवं, हवालदार! लय दिसानं! या की आत," साळूबाई म्हणाली.

आत जाऊन त्याला ओढून आणावं, असं त्याच्या मनात आलं. एक पाऊल पुढं पडलंही. मग त्याला कळलं, हे पाऊल भाऊसोसाठी नाही. तो बाहेरूनच ओरडला, "भाऊसो, भायेर ये! ये रं!" आत गिलास भरल्याचा आवाज झाला. तो वळला आणि पळतच सुटला. वाटेत हरणाबाई उभी होती. तिनं त्याच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. ती बाजूला झाली.

घरी त्याची बायको राहीबाई दिवा लावत होती.

"दार लाव," कृष्णात म्हणाला. "मी म्हनलो तरी उगडू नगंस."

तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं, कडी घातली आणि जोंधळ्याचं सूप घेऊन दारालाच पाठ लावून निवडायला बसली.

"आन् भाऊसो?" तिनं विचारलं.

"त्यो आत हाय," कृष्णात म्हणाला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तिच्यासमोर बसला.