बारशाआधीची टेकडी

तू सात दिवसांची होतीस, माझे बाई, तेव्हाचं हे. निजली आहेस तोवर सांगून टाकते.

भादव्यातली दुपार, बाहेर पावसाची झड. तुझे बाबा वांग्यांची गाडी घेऊन रिसोडच्या बाजारी गेलेले. एवढ्यात कोतवाल जगदेवचं डफडं वाजलं. "तलावाची पाळ खचून राह्यली होऽ! नदीकाठचे सारे टेकडीवर चला, महादेवाच्या देवळात!"

मागल्या साली त्यानं अशीच दवंडी दिली होती. सारं गाव टेकडीवर जाऊन बसलं. पाणी आलं नाही, पण मोकळ्या ढोरांनी आमच्या मळ्यातली वांगी खाऊन टाकली. म्हणून यंदा कोणी हललं नाही. तुझ्या आजीनं, तुळसाबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, जिला मी आत्याबाई म्हणते, दारातूनच सुनावलं, "काय रे जगदेव, औंदा कोनाच्या ढोरांचं पोट भरतं?"

"हासा माय, हासा. पन मी ह्या डोयांनं पाहून आलो."

त्याचा आवाज कापत होता. मी बाजेवरून उठले. तुला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, बाळंतिणीला काही बाधू नये म्हणून उशाखाली ठेवलेला विळा कमरेला खोचला.

"कुठं निघाली वं? बारसं झालं नाई. बाळंतीन उंबरठा वलांडते काय?"

"आत्याबाई, पानी थांबनार हाय काय उंबरठ्यापाशी?"

"अन् विटाळ घेऊन देवळात जाशीन?"

मी पाऊल बाहेर टाकलं. चढावर तुला उचक्या लागल्या होत्या.

पायरीवर गुरव नानाजी हात आडवे करून उभे. "माघारी फिर! देव बाटंन!"

"बाटत असंन तं देवानं पावसात बसावं, नानाजी. माह्यं लेकरू बसनार नाई."

मी सरळ मंडपात जाऊन खांबाला टेकले. "हिले बाहेर काढा कोनी!" नानाजी ओरडले. पण काढायचं तर मला शिवावं लागलं असतं. देवळात रोजचे बसणारे दोनचार म्हातारे होते, ते जागचे हलले नाहीत.

मला ओढून न्यायला आत्याबाई मागोमाग निघाल्याच होत्या. त्या अर्ध्या चढावर असताना खालून गडगडाट झाला. तांबडं पाणी मळ्यात शिरलं, मग आपल्या घराची भिंत बसली. माणसं आरडत वर पळत सुटली. जगदेव सगळ्यांत मागे, एकेकाला हाकत.

आत्याबाई आत आल्या. भिंत बसली त्या बाजूला पाहिलं. मग तुला माझ्या मांडीवरून उचलून पदराखाली घेतलं.

"तुळसाबाई, तुमी तरी सांगा हिले," नानाजी म्हणाले.

"आता माले बी विटाळ झाला. काढा तिघींले!"

जगदेव पायरीखाली भिजत उभा होता. त्याच्या जातीला वर येऊ देत नसत.

मी म्हटलं, "वर या, जगदेवदादा. तुमी नसते तं इथं कोन असतं?"

नानाजींनी तोंड फिरवलं. जगदेवनं आधी डफडं आत ठेवलं, मग पाऊल.